दोन फिकट पालींची काळी पिल्लं

"आठपैकी आठ," बाबा म्हणाले होते. शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

म्हणाले म्हणजे हातांनी म्हणाले. आमच्या घरात म्हणणं, विचारणं, ओरडणं, कुजबुजणं ही सगळी हातांची कामं आहेत, कारण बाबा आणि आई दोघंही जन्मापासून बहिरे आहेत. मला ऐकू येतं. हे मी कुणालाही सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक प्रश्न उमटतो. सभ्य माणसं तो गिळतात.

माझ्या आत्याने तो कधी गिळला नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. मी आठवड्याची असताना स्वयंपाकघरात पातेलं पडलं आणि मी दचकून रडले. आत्याला आधी आनंद झाला, आणि आनंद ओसरायच्या आत ती शेजारणीला म्हणाली, "दोन्ही दारं बंद असलेल्या घरात वारा आला कुठून गं?" शेजारीण हसली. तेव्हापासून तो आत्याचा ठरलेला विनोद झाला. मी शाळेत कविता म्हटली तरी तोच, फोनवर बोलताना दिसले तरी तोच.

मी सहा वर्षांची असताना आईने मला पहिल्यांदा विचारलं, "काय म्हणाली गं ती?" मला वाक्याचा अर्थ कळत नव्हता, पण ते चांगलं नाही एवढं कळत होतं. मी सांगितलं, "आज वारा छान आहे म्हणते." आईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हो का." आई ओठ वाचते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. बाबा वाचत नाहीत. त्यांना लोकांच्या तोंडाकडे बघायचा कंटाळा आहे.

बाबा छापखान्यात मशीनमन आहेत. चाररंगी मशीन चालवतात. तिथे त्यांना सगळे 'मुनी' म्हणतात. मशीनच्या अंगावर तळवा ठेवून ते सांगतात की कुठला रूळ कुरकुरतोय. कान शाबूत असलेले कारागीर कानात बोळे घालून काम करतात, आणि बिघाड मात्र मुनींना आधी कळतो.

पालींचा नाद त्यांना मासेवाल्याच्या दुकानात लागला. ही आपल्या भिंतीवरची पाल नव्हे. वीतभर लांब, गुबगुबीत शेपटीची, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली, काचेच्या पेटीत राहणारी. हिला पापण्या असतात आणि खाऊन झालं की ती डोळे मिटून हसल्यासारखी दिसते. "लोक पाल दिसली की झाडू शोधतात," छापखान्यातले म्हणाले, "आणि मुनी पदरमोड करून पाल घरी आणतो!" आई म्हणाली, कुत्रा का नाही आणलास? बाबा म्हणाले, "कुत्रा भुंकला तर मला काय कळणार? आपल्याला आपल्यातलंच कुणीतरी बरं."

पुढच्या दहा वर्षांत आमच्या घराची मागची खोली डब्यांनी भरली. प्रत्येक डब्यावर नंबर, आणि झाकणावर कागदी चिकटपट्टी. झाकण उघडलं की पट्टी फाटते, मग नवी लावायची आणि तिच्यावर तारीख घालायची. अंडी घातली की प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक ठिपका, कारण अंडं उलटं झालं तर आतलं पिल्लू मरतं.

बाबांना खरं वेड होतं ते रंगाचं. छापखान्यात पिवळ्यावर निळा पडला की हिरवा होतो. त्यांना वाटलं इथेही तसंच. त्यांनी एक फिकट नर आणला. फिकट म्हणजे अल्बिनो, ज्याच्या अंगात काळा रंग बनतच नाही असा. पिवळसर गुलाबी, लालसर डोळ्यांचा. तो ठिपक्यांच्या मादीबरोबर ठेवला आणि ते निमफिकट पिल्लांची वाट बघत बसले. सगळी पिल्लं काळ्या पट्ट्यांची निघाली. (लहानपणी पट्टे असतात, मोठेपणी ते फुटून ठिपके होतात.) फिकट रंग बुडाला म्हणून बाबा हळहळले. मग त्याच पिल्लांची पुढची पिल्लं आली, आणि त्यांत पाचातलं एक फिकट!

"रंग मिसळत नाही," बाबा मला म्हणाले. मी तेव्हा दहावीत होते. "लपतो."

मी त्यांना माझं विज्ञानाचं पुस्तक आणून दिलं. त्यातली चार घरांची चौकट त्यांना एका संध्याकाळात समजली, मला लागला होता आठवडा. पुस्तकातली अक्षरं त्यांनी टाकून दिली आणि स्वतःची खूण केली: भरलेलं वर्तुळ म्हणजे काळा रंग बनवण्याची क्षमता आहे, पोकळ वर्तुळ म्हणजे नाही. प्रत्येक पालीकडे दोन वर्तुळं, एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी भरलेलं असलं तरी पाल ठिपक्यांची. दोन्ही पोकळ असतील तरच फिकट. मग कुठल्या जोडीला कितीत किती फिकट होतील ते बाबा वहीत आधी लिहायचे आणि पिल्लं निघाल्यावर पडताळायचे. लिहिलेलं उगवतं आहे हे बघताना त्यांचा चेहरा पहिलं पान स्वच्छ छापून आल्यावर होतो तसा व्हायचा. मी संगणकाचं शिकले, तेव्हा माझा पहिला उपयोगी प्रोग्रॅम याच वहीचा होता.

आता आठपैकी आठची गोष्ट.

बाबांच्या घराण्यातली पिल्लं बारीक निघू लागली होती. एकाच रक्तात फार वेळा जोड्या लावल्या की असं होतं. नवं रक्त हवं होतं. चष्मेवाल्याकडे फिकट नर होता. चष्मेवाला म्हणजे चष्म्याच्या दुकानाचा मालक, बाबांचा दोस्त, आणि दर रविवारी मासेवाल्याकडे जमणाऱ्या पाली पाळणाऱ्यांच्या टोळक्यात बाबांसाठी खुणा शिकलेला एकमेव माणूस. त्याच्या खुणा ओबडधोबड होत्या. 'अंडं' म्हणायला जाऊन तो 'बटाटा' म्हणायचा. पण म्हणायचा तर खरं. त्याचा फिकट नर आणि बाबांची चौदा नंबरची फिकट मादी. दोन्हींकडे पोकळ वर्तुळंच. पिल्लांना भरलेलं वर्तुळ मिळणार कुठून? चार वेळा दोन-दोन अंडी घातली तर आठ पिल्लं, आठही फिकट. माझ्या प्रोग्रॅमनेही तेच सांगितलं.

पन्नास दिवसांनी पहिली दोन फुटली. काळे पट्टे. पुढची दोन, काळे पट्टे. आठपैकी आठ, सगळी कोळशाच्या रेघा ओढल्यासारखी.

रविवारी मासेवाल्याच्या मागच्या खोलीत सगळे त्या पिल्लांवर वाकले. मग मासेवाला म्हणाला, "मुनी, राग मानू नका, पण झाकण राहिलं असेल. दुसरा कुणीतरी नर शिरला."

मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "चौदा नंबर अंड्यातून निघाली तेव्हापासून एकटी आहे. चष्मेवाल्याच्या नराखेरीज तिने नर पाहिलेला नाही. पट्ट्या बघा."

"पट्ट्या काय, कागदाच्या असतात," मासेवाला म्हणाला. "दोन फिकटांना काळी होत नाहीत, हा तुमचाच नियम. मग बाप तिसराच."

कुणीतरी हसलं. चष्मेवाल्याचा चेहरा पडला. "म्हणजे माझा नर नुसताच शोभेचा होता का?" असं म्हणून तो त्याच दिवशी नर घेऊन गेला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्याने जाताना हात हलवले नाहीत.

त्या संध्याकाळी जिन्यात आत्या भेटली. तिला इमारतीतल्या बातम्या पेपरच्या आधी कळतात. "काय रे, तुझ्या पालीनेही दिवे लावले म्हणे!" ती बाबांच्या तोंडासमोर मोठ्याने म्हणाली, जणू मोठ्याने बोललं की त्यांना ऐकू येईल. मग माझ्याकडे वळून हळूच, "मी किती वर्षं म्हणतेय. बंद दारं, आणि वारा कुठून?"

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

मी दमले होते. दिवसभर लोकांचे टोमणे बाबांना हातांनी सांगितले होते, आणि त्याच ओघात हेही सांगून टाकलं. शब्दाला शब्द. सांगून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं.

"कधीपासून म्हणते?"

"मी आठवड्याची होते तेव्हापासून."

बाबा वर गेले नाहीत, आईकडेही गेले नाहीत. मागच्या खोलीत जाऊन झाकणांच्या पट्ट्या तपासू लागले.

आपल्याकडे मनात शंकेची पाल चुकचुकली असं म्हणतात. बाबांच्या पाली चुकचुकत नाहीत, आणि चुकचुकल्या तरी त्यांना ऐकू येणार नाही. पण पुढचे दोन आठवडे ते ज्या पद्धतीने जुन्या तारखा उलटसुलट करत होते, त्यावरून मला दिसत होतं. आईलाही दिसत होतं. आई घरी कपड्यांची काजं-बटणं करते. तिची नजर धाग्यावर असते आणि बाकी सगळीकडेही असते. एका दुपारी तिने मशीन थांबवलं आणि त्यांना विचारलं, "डबे तपासतोयस की मला?" खुणांमध्ये अहो-जाहो नसतं, म्हणून मी ते आहे तसं लिहिते. बाबा वही घेऊन मागच्या खोलीत गेले.

मग मी, शहाणी, उपाय घेऊन गेले. "बाबा, डीएनए तपासणीला गालातून नुसती लाळ घेतात. माझी आणि तुमची. पंधरा दिवसांत कागदावर उत्तर येतं. आत्याच्या दारावर चिकटवू."

बाबांनी माझे दोन्ही हात धरून खाली केले. आमच्या घरात यापेक्षा मोठं गप्प बस नाही. मग म्हणाले, "नळीत लाळ घातली की प्रश्न मी विचारला असं होतं. उत्तर काहीही येऊ दे. विचारलेलं परत घेता येत नाही."

"पण तुम्ही मनात विचारताच आहात."

"मनातलं माझं आहे. ते मला निस्तरू दे."

ते निस्तरलं छापखान्यात. शाळेच्या वह्यांचं मोठं काम आलं होतं, कव्हरवर वाघ. एकसारख्या दोन मशीनवर एकाच वेळी लावलेलं. त्या दिवशी दोन्ही मशीनमधून बिनपट्ट्यांचे वाघ बाहेर येऊ लागले, पिवळसर गुलाबी, बुबुळांशिवाय डोळे. काळा छापतच नव्हता. बाबांनी तपासलं. पहिल्या मशीनवर काळ्याची शाई भरपूर होती, पण काळ्याची प्लेट खराब झाली होती, तिच्यावरचं चित्र पुसलं गेलं होतं. दुसऱ्या मशीनवर प्लेट ठणठणीत होती, पण काळी शाई संपली होती, आणि शाईचा नवा डबा दुपारपर्यंत येणार नव्हता. निदान एक मशीन चालू करावं म्हणून त्यांनी दुसऱ्याची चांगली प्लेट काढून पहिल्यावर चढवली. पहिला कागद बाहेर आला. वाघाला पट्टे होते.

बाबा तळवा मशीनवर ठेवून तसेच उभे राहिले. फोरमनने खांद्याला हात लावून हलवलं तेव्हा भानावर आले.

घरी आले ते काखेत दोन फिकट वाघ आणि एक पट्ट्यांचा घेऊन. जेवणाच्या टेबलावर मांडले. "हा फिकट, कारण प्लेट नाही. हा फिकट, कारण शाई नाही. बघणाऱ्याला दोन्ही सारखे. पण या मशीनची शाई आणि त्या मशीनची प्लेट एकत्र आली, की हा." त्यांनी पट्ट्यांच्या वाघावर बोट ठेवलं. "चौदा नंबर आणि चष्मेवाल्याचा नर. दोष एक नाही. दोन आहेत."

मी लॅपटॉप उघडला आणि मला माझीच लाज वाटली. प्रोग्रॅममध्ये मी 'फिकट' असा एकच रकाना केला होता. हो किंवा नाही. दोन वेगळ्या कारणांनी फिकट असता येतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, बाबांच्या वहीतही नव्हतं. दोन रकाने केले: प्लेट आणि शाई. पिल्लांना आईकडून चांगली शाई, बापाकडून चांगली प्लेट. बटण दाबलं. आठपैकी आठ, काळ्या पट्ट्यांची.

मी आनंदाने टेबल बडवलं. बाबांनी मान हलवली. "हे झाल्यावर सांगितलेलं भविष्य आहे. झाकणाची गोष्टही तितकीच जुळते. व्हायच्या आधी सांगता आलं पाहिजे."

परीक्षा त्यांनीच ठरवली. आठांतला एक नर वाढवायचा आणि चष्मेवाल्याच्या घराण्यातल्या फिकट मादीबरोबर ठेवायचा. आमच्या घरातल्या एकाही नरात चष्मेवाल्याच्या पालींमधला दोष नाही. म्हणजे दोष दोन धरले आणि बाप तिसराच असेल, तर या जोडीला एकही फिकट पिल्लू होणार नाही. बाप चष्मेवाल्याचाच असेल, तर दर अंड्याला निम्मी शक्यता. एक फिकट निघालं तरी पुरे.

मी सोबत होते तरी चष्मेवाल्याच्या दुकानात बाबा स्वतःच बोलले. त्याने ऐकून घेतलं, चष्मा पुसला, परत लावला. "आणि नाही निघालं तर?"

"तर झाकण माझं राहिलं असं मी सगळ्यांसमोर म्हणेन."

"बटाटे किती दिवसांनी येतील?" चष्मेवाल्याने हातांनी विचारलं. बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

नर मोठा व्हायला वर्ष गेलं. या वर्षात घरात भांडण झालं नाही. बाबा आईशी नीट वागत होते, जरा जास्तच नीट, पाहुण्यांशी वागावं तसं. आई काजं करत होती. आत्या आपला विनोद करतच होती, पण मी भाषांतर बंद केलं होतं.

अंडी आली. पहिली दोन: दोन्ही काळ्या पट्ट्यांची. पुढच्या दोनांतलं एक बुरशी लागून गेलं, दुसरं काळ्या पट्ट्यांचं. मी हिशेब केला. बाबांचं म्हणणं खरं असलं तरी सलग तीन काळी निघण्याची शक्यता आठात एक आहे. काही अघटित नाही. पण आठात एक हे आकड्यात छोटं दिसतं आणि घरात मोठं होतं. तिसऱ्या खेपेची दोन अंडी उबवण्याच्या डब्यात होती आणि पन्नासातले चव्वेचाळीस दिवस झाले होते.

त्या दिवशी बाबा कामावरून आले, हातावरची शाई घासून धुतली आणि थेट आईच्या मशीनसमोर जाऊन खाली बसले. मी दारात होते. त्यांनी मला जायला सांगितलं नाही.

"मी तुला वर्षभर मनात विचारत होतो," ते म्हणाले. "माफ कर. अंडी फुटायच्या आधी म्हणतोय. नंतर म्हटलं तर ती माफी पालीची होईल, माझी नाही."

आईने काज पूर्ण केलं. दोरा तोडला. मग म्हणाली, "तुझी बहीण बावीस वर्षं विचारतेय आणि तुला एकाच वर्षात जमलं. हुशार आहेस." बाबांची मान खाली गेली. तिने त्यांच्या हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं, कारण मान खाली असली की आमच्याकडे बोलणं बंद होतं. "उद्यापासून पाहुण्यासारखा वागू नकोस. चहाचा कप उचलून ठेवतोस, मला भीती वाटते."

सहा दिवसांनी सकाळी घरातले सगळे दिवे उघडझाप करू लागले. आमच्याकडे लांबच्या माणसाला हाक अशी मारतात. बाबा फेसाने भरलेल्या तोंडाने ब्रश हातात घेऊन धावले. आई मागच्या खोलीत दिव्यांच्या मुख्य बटणापाशी उभी होती. डब्यात एक अंडं फाटलं होतं आणि त्याच्या शेजारी बोटभर पिल्लू, पिवळसर गुलाबी, लाल डोळ्यांचं. पट्ट्यांच्या जागी फक्त दुधात साय दिसावी तशा रेषा.

बाबांनी वही काढली, तारीख घातली आणि दोन पोकळ वर्तुळं काढली. मग चष्मेवाल्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, एका बटाट्याचं चित्र.

एक गोष्ट मला इथे लिहिलीच पाहिजे. त्या पिल्लाने आमच्याबद्दल काही सिद्ध केलं नाही. आई कुठल्या कारणाने बहिरी आहे आणि बाबा कुठल्या, हे आम्ही कधी तपासलं नाही, तपासणारही नाही. दिसायला एकच असलेल्या गोष्टीमागे कारणं दोन असू शकतात, एवढंच त्याने दाखवलं. ते पालींबद्दल होतं.

आईला मात्र ते एका माणसाला दाखवायचं होतं. तिने छोटा डबा उचलला, मला खुणेने बोलावलं आणि जिना चढली. आत्याने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरली. "अगं बाई, ते घरात नको हं!"

आईने डबा टेबलावर ठेवला. मग बोलू लागली, आणि मी बावीस वर्षांत पहिल्यांदा आत्याला काहीही न बदलता, न गाळता, मोठ्याने भाषांतर करून सांगितलं.

"वन्सं, तुमचं ते वाऱ्याचं वाक्य मी पहिल्या दिवसापासून ओठांवरून वाचतेय. तुमच्या भावाने उत्तर यायच्या आधी माफी मागितली. तुम्हाला उत्तर बघून मागायची असेल, तर डबा आणलाय."

आत्या माझ्याकडे बघू लागली, जणू मी काहीतरी मऊ करून सांगेन. मी डबा तिच्याकडे सरकवला. ती डब्यावर वाकली. पिल्लाने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. ती बराच वेळ वाकलेलीच होती, आणि त्यातला किती वेळ ती पिल्लू बघत होती ते मला माहीत नाही.

मग सरळ न होताच, मान तेवढी वळवून, तिने मला हळू आवाजात विचारलं, "माफ कर म्हणायची खूण कशी असते गं?"

मी दाखवणार होते. आईने माझा उचललेला हात खाली केला.

"तोंडानेच म्हणू दे," ती म्हणाली. "मी वाचते."